विश्लेषण : उतारा वाचायचा की सोडवायचा?

८ जून २०२४ च्या दुपारी चीनमधील अनेक प्रांतांतल्या बारावीच्या मुलांपुढे इंग्रजीच्या पेपरात एक उतारा आला. कागदावर वाचलेले आणि पडद्यावर वाचलेले सारखेच समजते का, हा त्याचा विषय होता. बहुतेक वेळा नाही, असे उताऱ्याचे म्हणणे. पडद्यावर वाचताना आपण मन लावण्याची तसदी घेत नाही, नजर वरवरून सरकत जाते, असे कारण त्यात दिले होते. (हा मजकूरही तुम्ही मोबाइलवरच वाचत असाल, तेव्हा जरा जपून.)

ही मुले मात्र तो उतारा कागदावर वाचत होती आणि तरीही त्यांच्यातल्या अनेकांची नजर वरवरूनच सरकत असणार. कारण तीन वर्षे त्यांच्याकडून तोच सराव करून घेतलेला असतो. आधी प्रश्न वाचा, त्यातला महत्त्वाचा शब्द पकडा, तो उताऱ्यात शोधा, आजूबाजूची दोन वाक्ये वाचा, पर्याय खोडा, पुढे चला. उत्तर बरोबर येते. उतारा वाचून झालेला नसतो.

हा पेपर असतो कसा?

गाओकाओ ही चीनची विद्यापीठ प्रवेश परीक्षा दरवर्षी ७ जूनला सुरू होते. २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाख जणांनी नावे नोंदवली होती. एकट्या हेनान प्रांतातून १३ लाखांहून अधिक. एकूण गुण ७५०. त्यातले चिनी भाषा, गणित आणि परकी भाषा यांना प्रत्येकी १५०. परकी भाषा म्हणून रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिशही घेता येते, पण बहुसंख्य मुले इंग्रजीच घेतात.

नव्या नमुन्याच्या राष्ट्रीय पेपरात या १५० पैकी ५० गुण थेट वाचनाचे आहेत. चार उतारे, १५ प्रश्न, प्रत्येकाला अडीच गुण. त्याला जोडून आणखी एक प्रकार : उताऱ्यातली पाच वाक्ये काढून घेतलेली असतात, खाली सात वाक्ये दिलेली असतात, योग्य ती पाच जागच्या जागी बसवायची, दोन फसवी. उरलेल्या गुणांपैकी ३० ऐकण्याचे, ३० रिकाम्या जागा आणि व्याकरणाचे, ४० लेखनाचे. रिकाम्या जागाही सलग मजकुरातच भरायच्या असतात. त्यामुळे वाचन कच्चे असेल तर फटका ५० गुणांपुरता राहत नाही.

पहिला उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा असतो. २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भाड्याच्या सायकलींचे दर होते. दुसरा बहुतेकदा एखाद्या माणसाबद्दल. त्याच वर्षी वनस्पती आणि सूक्ष्म जीवांच्या मदतीने सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या जॉन टॉड यांच्यावर होता. तिसरा आणि चौथा चढणीचे. २०२३ चा चौथा उतारा, अनेकांच्या अंदाजांची सरासरी एकट्यादुकट्याच्या अंदाजापेक्षा अचूक कशी निघते, यावर होता. अभ्यासक्रमाची शब्दसंख्या साधारण ३००० आहे. त्याबाहेरचा अवघड शब्द आला तर त्याचा चिनी अर्थ शेजारी कंसात छापतात.

आणि मुख्य म्हणजे, यातला एकही उतारा पाठ्यपुस्तकातला नसतो. आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीत एक उतारा ‘युवकभारती’तला आणि एक बाहेरचा असतो. पहिल्याची गोष्ट मुलाला आधीच ठाऊक असते, कित्येकदा उत्तरही. हा आधार चिनी मुलाला नाही.

पर्यायांत नेमका सापळा काय असतो?

एक नमुना करून पाहू. समजा उताऱ्यात असे आहे : ‘वाचनालय उघडले त्या वर्षी पुस्तके थोडी होती आणि सभासद भराभर वाढत होते. एका कादंबरीसाठी वीस-वीस जण नाव नोंदवून बसत. ग्रंथपालांनी मग पुस्तक ठेवण्याची मुदत पंधरा दिवसांवरून सात दिवसांवर आणली.’ प्रश्न : मुदत कमी का केली? पर्याय असे : पुस्तके कमी झाली म्हणून, सभासद पुस्तके वेळेवर परत करत नव्हते म्हणून, एकच प्रत अधिक लोकांच्या हाती जावी म्हणून, लोकांना भराभर वाचायची सवय लागावी म्हणून.

उत्तर तिसरे. पण गंमत पाहा, ‘प्रत’ आणि ‘हाती’ हे शब्द उताऱ्यात कुठेच नाहीत. उलट पहिल्या पर्यायातला ‘पुस्तके’ उताऱ्यातून उचललेला आहे आणि ‘थोडी होती’चे त्यात नकळत ‘कमी झाली’ केले आहे. चौथ्याने ‘भराभर’ हा शब्द उचलून भलत्याच जागी लावला आहे. दुसरा पर्याय तर निव्वळ आपल्या अनुभवावर विसंबलेला : वाचनालयाने मुदत कमी केली म्हणजे लोक पुस्तके दाबून ठेवत असणार, असे कुणालाही वाटेल. उताऱ्यात तसे काही नाही.

चिनी शिक्षक हे सगळे वर्गात नावानिशी शिकवतात. मूळ शब्द जसाच्या तसा आला तर सावध व्हा, तोच अर्थ निराळ्या शब्दांत आला तर थांबून पाहा. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द दिसले की संशय घ्या. लेखकाने म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालू नका. यातला शेवटचा नियम वाचनाचाच आहे आणि चांगला आहे. बाकीचे नियम पर्याय तयार करणाऱ्याच्या सवयी ओळखण्याचे आहेत. सराव जसा वाढतो, तसा मुलगा लेखकाकडून प्रश्न काढणाऱ्याकडे वळतो.

प्रश्न ‘घासणे’ म्हणजे काय?

चिनीत या सरावाला ‘शुआ-ती’ म्हणतात. शब्दशः अर्थ प्रश्न घासणे, ब्रशने घासावेत तसे. त्याचे साहित्य अफाट आहे. ‘पाच वर्षे गाओकाओ, तीन वर्षे सराव’ अशा अर्थाच्या नावाची जाडजूड पुस्तके देशभर खपतात. मुले त्यांना लाडाने किंवा वैतागाने ‘वू-सान’, म्हणजे पाच-तीन म्हणतात. शब्दांची वेगळी पुस्तके असतात. त्यांत इंग्रजी वर्णक्रमाने सुरुवातीलाच ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे, हा शब्द येतो. पहिल्याच पानावर सोडून देतो आम्ही, हा विनोद तिथल्या कित्येक पिढ्यांनी केला आहे.

हबेई प्रांतातली हंगश्वेई माध्यमिक शाळा या शिस्तीसाठी प्रसिद्ध. तिच्या नावाचे एक इंग्रजी हस्ताक्षरच देशभर गेले : गोलसर, सुटे, छापल्यासारखे. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासली जाते. तिथे तपासणाऱ्याला अडखळू न देणारे अक्षर हवे, म्हणून मुले तेही गिरवतात.

याला हसणे सोपे आहे. पण ‘एक गुण वाढवा, हजार जणांना मागे टाका’ अशा अर्थाची घोषणा जिथे वर्गाच्या भिंतीवर असते, तिथे अडीच गुणांच्या एका प्रश्नाचे मोल काय, हे त्या घरातल्यांना विचारावे.

परीक्षा घेणाऱ्यांनी काय बदलले?

घोकंपट्टीवर बोट ठेवणाऱ्यांत खुद्द सरकारही होते. शैक्षणिक मूल्यमापनाच्या सुधारणेचा आराखडा ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाला. प्रश्नांचा ठरीव साचा मोडा, पाठांतर आणि यांत्रिक ‘शुआ-ती’ कमी करा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

इंग्रजीत त्याआधीच एक मोठा बदल सुरू झाला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये झेजियांग प्रांताच्या पेपरात प्रथमच ‘वाचा आणि पुढे लिहा’ हा २५ गुणांचा प्रश्न आला. अर्धी गोष्ट दिलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये दिलेली असतात. उरलेली गोष्ट सुमारे दीडशे शब्दांत मुलाने पुरी करायची. २०२४ च्या पेपरातली गोष्ट अशी : व्हिएन्नात उशिरा उतरलेला एक प्रवासी टॅक्सीने बस स्थानक गाठतो. त्याला प्रागची शेवटची बस पकडायची असते, पण टॅक्सीत कार्ड चालत नाही आणि एटीएमही बंद. पुढच्या दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात तो चार दिवसांनी परत येऊन ठरल्याप्रमाणे चालकाला फोन करतो. म्हणजे मधल्या परिच्छेदात चालकाने त्याच्यावर विश्वास टाकला पाहिजे, हे मुलाला कळायला हवे. हे शब्द शोधून कळत नाही. चालक आतापर्यंत कसा वागला, हे गोष्टीतूनच टिपावे लागते.

वाचन तपासण्याची ही रीत पर्यायांवर खूण करण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. अर्थात तिच्यावरही उपाय निघाले. डोळ्यांत पाणी आले, सूर्य ढगांतून बाहेर आला, हृदय धडधडू लागले, अशी तयार वाक्ये पाठ करून कोणत्याही गोष्टीला चिकटवायची. मग गोष्ट टॅक्सीचालकाची असो की हरवलेल्या कुत्र्याची, शेवटी ऊन पडतेच.

मग अडते कुठे?

अडते ते न्यायापाशी, आणि त्यावर बोलणे कुणालाच सोयीचे नसते. ‘वू-सान’ स्वस्त आहे. ते तालुक्याच्या गावी मिळते, शेतकऱ्याच्या मुलीला परवडते आणि त्यातले प्रश्न सोडवून गुण वाढतात. याउलट खरे वाचन, म्हणजे इंग्रजी गोष्टींची पुस्तके, मासिके, घरात कुणीतरी इंग्रजी जाणणारे, हे शांघायच्या मुलाला सहज मिळते. सरकारी नियमाने इंग्रजी २००१ पासून तिसरीत सुरू होते, पण शहरांत त्याआधीच सुरुवात झालेली असते. परीक्षा जितकी घोकंपट्टीच्या पलीकडे जाईल, तितका घरातल्या पुस्तकांचा फायदा वाढतो.

जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आली. यू मिनहोंग यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या ‘न्यू ओरिएंटल’ला ६० हजार जणांना कामावरून काढावे लागले. तिथले इंग्रजीचे शिक्षक दोंग युहुई २०२२ च्या जूनमध्ये मोबाइलवर थेट प्रक्षेपणातून तांदूळ आणि मांस विकताना मधूनच इंग्रजी शब्द शिकवू लागले आणि देशभर गाजले. पाहणाऱ्यांना बरे वाटले, पण ज्या मुलाला चौथा उतारा कळत नव्हता त्याची अडचण तिथेच राहिली. पैसेवाल्यांनी घरी येणारा शिक्षक शोधला.

इंग्रजीचे वजनच कमी करा, असेही म्हणणारे आहेत. मार्च २०२१ मध्ये राजकीय सल्लागार परिषदेचे सदस्य श्यू जिन यांनी इंग्रजीला चिनी आणि गणिताच्या बरोबरीचा मुख्य विषय ठेवू नये, अशी मागणी केली. त्यावर देशभर वाद झाला, पण राष्ट्रीय पेपरातले १५० गुण हलले नाहीत. हलवूही नयेत. शाळेतून इंग्रजी काढले तर ते श्रीमंताच्या घरातून जाणार नाही, फक्त गरिबाच्या वर्गातून जाईल.

झेजियांगमध्ये काय घडले होते?

नोव्हेंबर २०१८ ची गोष्ट. झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्या खेपेचा पेपर अवघड गेला. तेव्हा परीक्षा मंडळाने वाचन आणि लेखनातल्या काही अवघड प्रश्नांना परीक्षेनंतर जादा वजन दिले. हेतू जुन्या आणि नव्या खेपेत समतोल राखण्याचा होता. निकाल लागला तेव्हा एकमेकांमधले अंतरच बदलून गेले होते. कोणत्या प्रश्नाला किती वजन, हे आधी कुणाला सांगितलेले नव्हते. पालक संतापले, प्रांत सरकारने चौकशी लावली, ५ डिसेंबरला ते वजन रद्द करून मूळ गुण परत देण्यात आले आणि प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखाला पद गमवावे लागले.

तेव्हापासून साचा मोडण्याची भाषा करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला हे प्रकरण आठवत असणार. उताऱ्याची समज मोजण्याचे मुक्त, खुले प्रकार आणायचे तर तपासणाऱ्याच्या मतावर भरवसा ठेवावा लागतो. पर्यायी प्रश्नात तो ठेवावा लागत नाही. चीनमध्ये आणि आपल्याकडेही पर्यायी प्रश्न टिकून आहेत ते यामुळेच.

सराव करायचा तरी कसा?

पेपर आहे तसाच राहील असे धरून बोलू. पर्याय झाकून उतारा वाचणे, प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःच्या शब्दांत, चिनीतसुद्धा, म्हणणे आणि मग पर्याय उघडणे, एवढ्याने सापळ्यांचे बळ बरेच कमी होते. वर दिलेल्या वाचनालयाच्या उताऱ्यावर हे करून पाहा. ‘सगळ्यांना पुस्तक मिळावे म्हणून’ असे ज्याच्या मनात आधीच आले, त्याला ‘भराभर’ फसवू शकत नाही.

एकच उतारा दोनदा वाचावा. एकदा घड्याळ लावून आठ मिनिटांत. दुसऱ्यांदा संध्याकाळी, गुणांचा हिशेब बाजूला ठेवून, लेखक हे का सांगतोय असे विचारत. दिवसाला सहा नवे उतारे घासण्याऐवजी दोन उतारे असे दोनदा वाचले तर वेळ फारसा वाढत नाही. आणि चुकलेल्या प्रश्नापुढे नुसते बरोबर अक्षर लिहू नये. आपण निवडलेला पर्याय आपल्याला खरा का वाटला, हे एका ओळीत लिहावे. महिनाभराने त्या ओळी वाचल्या तर मुलाला स्वतःची खोड कळते : कुणी ओळखीचा शब्द दिसला की धावतो, कुणी उताऱ्यात नसलेले आपल्या अनुभवातून भरतो, कुणी शेवटचा परिच्छेद वाचतच नाही.

यासाठी पुस्तक नवे लागत नाही. तेच ‘वू-सान’ चालते, शेतकऱ्याच्या मुलीकडचेही.