सुटलेला बाण

गेल्या दिवाळीत काचीगुड्याच्या आमच्या गच्चीवर पुतण्याने बाटलीत बाण उभा केला, वात पेटवली आणि तो पळाला. बाटली कलंडली. बाण शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्याला भोक पाडून गेला. ‘अरे, धर त्याला!’ असं ओरडण्यापलीकडे कुणाच्या हाती काही उरलं नव्हतं.

आमच्या अंकाचा यंदाचा विशेष विभाग माणूस आणि यंत्र मिळून लढतात त्या युद्धावर आहे. विषय घरचाच म्हणायचा. जानेवारी २०२४मध्ये नौदलाकडे निघालेलं ‘दृष्टी-१०’ हे वैमानिकाविना उडणारं विमान याच हैदराबाद शहरात तयार झालं. त्याच वर्षी इथल्या झेन टेक्नॉलॉजीजने ‘प्रहस्त’ आणला. चार पायांचा हा रोबो लेझरने चाचपडत भोवतालचा नकाशा तयार करतो. (प्रहस्त म्हणजे रावणाचा सेनापती, नीलाच्या हातून मेलेला. पण नाव ठेवताना शेवट कोण बघतो!)

माझं मन अडकलं ते नागपूरच्या ‘नागास्त्र-१’ या ड्रोनपाशी. सैनिकाने पाठीवरून न्यावं, हवेत सोडावं. ते घिरट्या घालत लक्ष्य हेरतं आणि झेपावतं. लगाम माणसाच्या हाती असेल तर पल्ला १५ किलोमीटर, स्वतःच्या हिशेबाने गेलं तर ३०. आणि ऐनवेळी बेत रद्द झाला, तर परत फिरून पॅराशूटने अलगद उतरतं. ब्रह्मास्त्र सोडायला अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही शिकले होते. सोडलेलं अस्त्र मागे घेण्याचा उपसंहार एकट्या अर्जुनाला येत होता. नागपूरकरांनी तो यंत्रात बसवला.

पण पंधरा आणि तीसच्या मधल्या त्या पंधरा किलोमीटरांचं काय? युक्रेनमध्ये शत्रू रेडिओलहरी जॅम करतो आणि लगाम वाटेतच तुटतो. म्हणून काही ड्रोन शेवटची झेप आपली आपण घेतात. काही मात्र मागे काचेची बारीक तार सोडत जातात, कित्येक किलोमीटर, आपल्या संक्रांतीच्या मांजासारखी. या टोकाला चष्मा लावून बसलेल्या पोराला समोरचा ट्रॅक्टर आहे की रणगाडा, हे निदान दिसत तरी असतं. मला ती तार आवडली. एवढी शास्त्रं शिकून माणूस पुन्हा दोरीच हातात धरून बसला आहे.

काकूंना नवं लुगडं घेऊन दिलं. अंक आता छापखान्यात चालला आहे. चुका सापडल्या तर जरूर कळवा. आमच्याकडे पॅराशूट नाही.