पेशीच्या दारात अडलेले औषध

डोंबिवलीत अथवा कल्याणात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले की, परळच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा सुरू होतात न होतात तोच शेजारीपाजारी आपुलकीने गॅलरीतल्या कुंडीकडे बोट दाखवितात आणि सदाफुलीची पाने रोज चावून खाण्यास सांगतात. कारण व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे त्याच झाडापासून मिळतात असे त्यांनी कोठेतरी वाचलेले असते, आणि ते खरेही आहे. परंतु वनस्पतीत औषधी द्रव्य असणे निराळे आणि ते योग्य मात्रेत अर्बुदाच्या पेशीत दाखल होणे निराळे.

हा भेद किती कठोर आहे, याचा अनुभव खुद्द संशोधकांनी घेतला. नंदुरबारात जन्मलेले डॉ. मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी मूळच्या चीनमधील एका वृक्षातील कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी द्रव्याचा शोध १९६६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्याच्या झाडात आढळले. ते पाण्यात विरघळेना, म्हणून रेणूतील एक कडे उघडून त्याचा सोडियम क्षार करण्याची तजवीज झाली. पण ते कडे मिटलेले असते तेव्हाच हा रेणू भाररहित राहून पेशीच्या स्निग्ध आवरणातून आपोआप आत झिरपतो. उघडले की त्यावर ऋणभार येतो, आवरणापाशी त्याला जवळजवळ मज्जाव होतो, आणि रक्तातील अल्ब्युमिन त्याला धरून ठेवते. रुग्णांना गुण थोडाच आला. उलट आम्लधर्मी मूत्रात कडे पुन्हा मिटून मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. कडे शाबूत ठेवून विद्राव्य केलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत मान्य होण्यास १९९६ साल उजाडले.

शिवाय आत शिरलेले द्रव्य आत टिकेलच असेही नाही. ज्युलियानो व लिंग यांनी १९७६ साली वर्णिलेले पी-ग्लायकोप्रोटीन हे आवरणातील प्रथिन सदाफुलीची द्रव्ये आणि वाणींच्याच प्रयोगशाळेतले टॅक्सॉल हे कर्करोगावरील औषध पेशीबाहेर लोटते, आणि एके काळी लागू पडलेले औषध निष्प्रभ होण्याचे हे एक मोठे कारण आहे. हेच प्रथिन आपल्या आतड्याच्या अस्तरातही पहाऱ्यावर असते. म्हणून सदाफुलीची ही औषधे मोजून, शिरेवाटेच दिली जातात. चावलेल्या पानातून किती द्रव्य रक्तात उतरले याचा हिशेब कोणालाच देता येत नाही, आणि ते द्रव्य तर निरोगी पेशींनाही विषारी आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की घरात कोणत्याही पाल्याचा रस किंवा काढा चालू असेल तर तो संकोचाने लपवून न ठेवता उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानी घालावा. कारण काही वनस्पतींच्या अर्कांनी यकृतातील विकरांचा वेग बदलतो आणि चालू औषधाची रक्तातील मात्रा कमीअधिक होते.