भीती घरातलीच खरी होती

'छोरी 2' फसला तो पहिल्या भागाचा साचा मोडल्यामुळे, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' जुलै 2017मध्ये चित्रपटगृहांत आला, त्याचा हिंदी अवतार 'छोरी' 2021मध्ये प्राइम व्हिडिओवर, आणि एप्रिल 2025मध्ये तिथेच हा दुसरा भाग. तिन्हींचा दिग्दर्शक एकच. स्वतः घडवलेला साचा मोडायचा हक्क त्याला नसेल तर कुणाला? चूक दुसरीकडे आहे. साच्यात भीती नेमकी कुठे बसली होती, तेच हुकलं.

'लपाछपी'त उसाचा फड आहे, भुतं आहेत, पण काळजाचा ठोका चुकतो तो तुळसाबाईमुळे. कर्जापायी शहर सोडून आलेली आठ महिन्यांची गरोदर नेहा तिच्या घरी उतरते. उषा नाईक यांची ही बाई तिला मायेनं खाऊपिऊ घालते, बाळंतपणाच्या चार गोष्टी सांगते. अशा बाया प्रत्येक नात्यागोत्यात असतात. मुलींच्या जिवावर उठलेलं घर असं प्रेमळ दिसतं, हा त्या चित्रपटाचा शोध होता. 2011च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 894 होत्या. ही तूट काही हडळींनी केली नव्हती. पालघरच्या भातखाचरांत वाढलेल्या प्रेक्षकाला उसाचं रान परकं, तरी तुळसाबाई ओळखीची. आणि ओळखीच्या जागेची भीती काय असते, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर 2018पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. बहुतेक लहान. तरी लोक ऐन थंडीत घराबाहेर झोपले, कारण भरवसा उडाला होता तो डोक्यावरच्या रोजच्या छपरावरचा.

दुसऱ्या भागात हे घरच गेलं. 'छोरी'ची नायिका साक्षी हिची मुलगी पळवली जाते आणि गोष्ट शेताखालच्या भुयारांत उतरते. तिथे गूढ 'प्रधान' आहे, त्याच्या सेवेतली दासी माँ आहे, पंथ आहे, विधी आहेत. सोहा अली खान यांनी मेहनत घेतली आहे, पण दासी माँ पहिल्या फ्रेमपासून भीतीदायक दिसते, म्हणजे आपण आधीच सावध. शिवाय असले लोक आपल्यातले नव्हेत, असं म्हणून प्रेक्षक सुटतो. (सकाळच्या डहाणू लोकलमध्ये मोबाइलवर हा चित्रपट लावला, तर भुयारातल्या प्रसंगांत बराच वेळ आपलाच चेहरा दिसत राहील. चित्रपटानं मुद्दाम केलं असतं तर दाद दिली असती.)

साचा मोडला की प्रेक्षक रुसतात, हे खरंच. 1982च्या 'हॅलोविन 3'मधून आधीच्या भागांतल्या खुनी मायकेल मायर्सला काढलं तेव्हा लोक चिडले होते. पण 1986च्या 'एलियन्स'नं तर भयपटाचा सरळ युद्धपट केला, एका प्राण्याच्या जागी झुंड आणली, आणि तरी तो गाजला. माणसांच्या जिवापेक्षा त्या प्राण्याचं मोल जास्त मानणारी कंपनी त्यात तशीच होती. मुळातली भीती जागेवर होती.

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्या भागाचा बालविवाहाचा विषय तरी महत्त्वाचा आहे ना? आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत. म्हणूनच भुयार जास्त खटकतं. ही लग्नं जमिनीखाली लागत नाहीत. अंगणात मांडव पडतो, जेवणाच्या पंगती उठतात, आणि मुलीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणतो तो तिचा सख्खा मामा. कॅमेरा त्या मामाच्या चेहऱ्यावर थांबायला हवा होता.