जन्मांचा ऋतू आणि रायपूरची नोंदवही

अनेक पशुपक्ष्यांप्रमाणे मनुष्यास प्रजननाचा ठराविक ऋतू नाही. तथापि त्याचे जन्म बारा महिन्यांत समप्रमाणात विभागलेले नसतात. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या विषयाचा अभ्यास केला. भारतात सामान्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत जन्म अधिक होतात. नऊ महिने मागे मोजल्यास आपण कापणीनंतरच्या थंड, निवांत दिवसांपाशी येतो.

हा क्रम मात्र अढळ नव्हे. प्रखर उष्म्याने गर्भधारणा घटते. घरे थंड राखण्याची साधने वाढल्यावर हा परिणाम सौम्य होतो. छत्तीसगढच्या मैदानातून भातकापणीनंतर मजूर वीटभट्ट्यांकडे जातात व पावसाच्या तोंडावर परततात. पतीपत्नींचा वियोग झाल्यास त्याचाही ठसा जन्मसंख्येवर उमटतो. कुटुंबे लहान झाली की एकूण जन्मांत पहिल्या अपत्याचा वाटा वाढतो आणि अक्तीच्या सुमारास होणाऱ्या विवाहांची छाया अधिक गडद होण्याचा संभव असतो.

परंतु आकडा बदलला म्हणजे ऋतू बदलला, असे मानणे घाईचे होईल. मध्यप्रांताच्या काळी गावचा कोटवार जन्माची वार्ता ठाण्यावर पोहोचवीत असे. १९६९ च्या कायद्यान्वये जन्म जेथे घडला तेथेच तो नोंदला जातो. त्यामुळे खेड्यातील माता रायपूरच्या रुग्णालयात प्रसूत झाली, तर ते मूल शहराच्या नोंदवहीत येते. पावसाळ्यात खेड्यांतून येणाऱ्या मातांची संख्या वाढली वा घटली, तर शहराच्या जन्मांचा आलेख बदलेल. समाजाचा जननक्रम मात्र तोच असेल. शिवाय फेब्रुवारीचे २८ दिवस आणि ऑगस्टचे ३१ यांची तुलना प्रतिदिन सरासरी काढल्यावाचून करता येत नाही.

यास्तव रायपूर जिल्ह्याने मातेच्या निवासस्थानानुसार, अपत्याच्या क्रमासह आणि नोंदणीच्या नव्हे तर जन्माच्या तारखेनुसार मासिक तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करणे अगत्याचे आहे. हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नाही. अधिक प्रसूतींचे महिने आणि हिवतापाचे, चिखलाने अडलेल्या वाटांचे महिने बव्हंशी एकच असतात. परिचारिकांच्या रजा, रक्ताचा साठा व रुग्णवाहिकांची नेमणूक प्रत्यक्ष गणनेवरून ठरली पाहिजे. जुन्या अनुमानावर विसंबलेल्या व्यवस्थेची किंमत अखेर रस्त्यात खोळंबलेल्या मातेला मोजावी लागते.