खांद्यात गर्भ नसतो, साहेब

आधीच सांगून टाकतो, म्हणजे अर्धं वाचून शिव्या द्यायला धावणाऱ्यांचा वेळ वाचेल. मी गर्भलिंग निदानबंदी कायद्याच्या बाजूचा माणूस आहे. बीड जिल्ह्यात राहतो, दुसऱ्या बाजूला जाणार तरी कुठं? २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या. मे २०१२ मध्ये परळीत बेकायदा गर्भपातात एक बाई गेली आणि अख्खा देश आमच्याकडं बोट दाखवायला लागला. त्या दिवसांत सोनोग्राफी मशीनला सील ठोकतानाचे फोटो मी काढलेत, बातम्या मी लिहिल्यात. त्यातलं एक अक्षर मला मागं घ्यायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

माझ्या मित्राची मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दसऱ्याला गावी आली होती. मागच्या वस्तीवरच्या एक मावशी तिच्याकडं खांदा दाखवायला आल्या. मावशी ऊसतोड करतात. दिवसभर कोयता, आणि मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. पंधरा-वीस वर्षं हेच. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं वय झालं. मुकादमाचं म्हणणं सगळ्यात सोपं: सोंग करते. उचल घेतलेली, म्हणून जायला तर लागणारच.

पोरीनं हात वर करून, फिरवून, दाबून बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, आत सुप्रास्पायनेटसचा स्नायूबंध फाटलाय की नुसता सुजलाय, हे हातानं तपासून खात्रीनं सांगता येत नाही हो. दोन्हीचे व्यायाम वेगळे. चुकीचा दिला तर त्रास वाढायचा. सोनोग्राफीत बघितलं तर दहा मिनिटांत कळेल."

"मग कर की."

"मी? मी मशीनला हात लावला तर पहिली बातमी तुम्हीच द्याल."

काय बोलणार? खरंच होतं ते.

मावशींना एमआरआय सांगितला तर सहा-सात हजार रुपये, शिवाय संभाजीनगरची खेप आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार. तो त्या करणार नाहीत हे तिलाही माहीत, मलाही माहीत.

म्हणून मी तिला विचारलं, तुम्हाला कॉलेजात हे शिकवतात तरी का? तिनं मोबाइलवर नोट्स दाखवल्या. स्नायू, सांधे आणि नसांची सोनोग्राफी हा विषय एका लेक्चरात उरकलेला. स्लाइडवर राखाडी-काळी चित्रं, त्यावर बाण. प्रोब हातात धरलाय का? नाही. कुणाला धरताना जवळून बघितलंय का? एकदा, दारातून. उरलेलं सगळं यूट्यूबवर, परदेशी विद्यापीठांतले मास्तर दाखवतात ते. विहिरीत न उतरता पोहण्याची परीक्षा पास व्हायची असली तर असंच शिकवावं.

आणि ही विद्या हातानंच शिकायची आहे. एक उदाहरण देतो, पोरीनंच समजावलं. स्नायूबंध सोनोग्राफीत पांढरट, बारीक धाग्यांच्या जुडीसारखा दिसतो. पण प्रोबचा कोन जरासा कलला, ध्वनिलहरी सरळ काटकोनात पडल्या नाहीत, की तोच धडधाकट स्नायूबंध काळा दिसायला लागतो. नवशिक्या बघतो आणि म्हणतो, फाटलाय! फाटलेला नसतो, याचा हात तिरका असतो. याला अ‍ॅनायसोट्रॉपी म्हणतात. स्लाइडवर ही व्याख्या पाठ होते, पण मनगट किती कलवायचं ते स्लाइड सांगत नाही. त्यासाठी पन्नास-शंभर खांदे बघावे लागतात, तेही शिकवणारा शेजारी उभा असताना. वर्गातल्या मुलांनी एकमेकांचे खांदे, मनगटं, गुडघे बघावेत. जगभर असंच शिकवतात. अमेरिकेत साऊथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजनं २००६ पासून पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांच्या हातात प्रोब दिला. इंग्लंडात फिजिओथेरपिस्ट पदवीनंतर याचा वेगळा विद्यापीठीय अभ्यासक्रम करतात. देखरेखीखाली केलेल्या तपासण्यांची नोंदवही भरतात, मग परीक्षा देतात.

(जाता जाता: फिजिओच्या दवाखान्यात जेल लावून जे 'अल्ट्रासाऊंड' फिरवतात ते वेगळं. ते शेकायचं मशीन, त्यात चित्र दिसत नाही. आमच्याकडं एका गृहस्थांनी त्याबद्दलही तक्रार करायची म्हणून मला फोन केला होता. मोठ्या मुश्किलीनं थांबवलं.)

आता कायदा काय म्हणतो बघा. नोंदणी नसलेल्या ठिकाणी सोनोग्राफी मशीन ठेवता येत नाही, विकता येत नाही. ते वापरायचं कुणी हेही ठरलेलं: पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर किंवा सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस. फिजिओथेरपिस्ट त्या यादीत नाहीच. बरं, हे सहा महिन्यांचं प्रशिक्षण कशाचं? २०१४ च्या नियमांत लिहिलंय: तीनशे तास, पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं. म्हणजे ज्या एमबीबीएस डॉक्टरला फक्त गुडघे आणि खांदे बघायचे आहेत, त्याला आधी पोट बघायला शिकावं लागतं! जिथं गैरप्रकार होतो तो अवयव शिकवायचा आणि जिथं होऊच शकत नाही त्याचा अभ्यासक्रमच ठेवायचा नाही. ही कल्पना कुणाला सुचली असेल, त्याला एकदा भेटायचंय मला.

रेडिओलॉजिस्ट मंडळींचा युक्तिवाद मला माहीत आहे. एक, अर्धवट शिकलेले लोक चुकीचे रिपोर्ट देतील. बरोबर. म्हणूनच पूर्ण शिकवा म्हणतोय ना. आणि रिपोर्ट द्यायचा अधिकार कुणी मागितलाय? विद्यार्थ्यानं शिकावं, सही तुमचीच असू द्या. दोन, तालुक्याला रेडिओलॉजिस्ट आहेत, त्यांच्याकडं पाठवा. आमच्याकडच्या सेंटरात सकाळपासून पोटदुखी, मुतखडा आणि गरोदर बायांची रांग असते. खांदा म्हटलं की उत्तर येतं, एमआरआय करून या. त्या डॉक्टरांनाही मी फार दोष देत नाही. त्यांनाही खांदा कुणी नीट शिकवला नाही, आणि वर एफ फॉर्ममध्ये एक रकाना राहिला तर फौजदारी. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ती तरतूद कायम ठेवली. मला ती मान्यच आहे, कारण कागद कोरा ठेवूनच आमच्या जिल्ह्यात पोरी मारल्या गेल्या. पण एफ फॉर्म गरोदर बाईच्या तपासणीचा. पन्नाशीतल्या ऊसतोड बाईच्या खांद्याशी त्याचा संबंध काय?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. खांद्यासाठी जो सपाट, जास्त फ्रिक्वेन्सीचा लिनियर प्रोब लागतो, तो काही सेंटिमीटर खोलवरच नीट बघतो. पोटाचा प्रोब वेगळा, फुगीर. पण मशीन तेच. प्रोब बदलायला अर्धा मिनिटही लागत नाही. उद्या फिजिओच्या नावानं मशीन घेऊन मागच्या खोलीत भलतेच धंदे सुरू झाले तर? होतील. माणसं ओळखतो मी आमच्याकडची. म्हणूनच माझी मागणी गल्लोगल्ली मशीन वाटण्याची नाहीच.

मागणी एवढीच आहे: शिकवा. जिथं नोंदणीकृत मशीन आधीपासून आहे त्या शिक्षण रुग्णालयात, नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली, फक्त लिनियर प्रोब लावून विद्यार्थ्यांचे प्रॅक्टिकल तास ठेवा. दुसऱ्या प्रोबची जोडणीच बंद करा. मशीनवर ट्रॅकर बसवा. ट्रॅकर म्हणजे काही चांद्रयान नाही. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना कोल्हापूर जिल्ह्यानं सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवून दाखवला होता. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रशासनाच्या बाजूनं निकाल दिला. अशा कायद्यात देशाच्या आधी, १९८८ सालीच पाऊल टाकणारं राज्य आपलंच. त्या राज्याला कॉलेजातल्या एका मशीनवर नजर ठेवता येत नाही, हे मला कुणी सांगू नये.

नियम केंद्राचे आहेत, तिथं बदल लागेल, हे खरं. पण नियमांत बदल सुचवायला केंद्रीय पर्यवेक्षक मंडळ आहे, तिथं विषय तर न्या! आतापर्यंत मी ज्या ज्या अधिकाऱ्याला विचारलं त्यानं एकच केलं. 'सोनोग्राफी' शब्द ऐकला की खुर्ची मागं सरकवली. विद्यापीठातल्या एका साहेबांनी तर फोनवर सांगितलं, "पत्रकार साहेब, तुम्ही चांगले लिहिता, कशाला या भानगडीत पडता?" भीती समजते. ती आम्ही पत्रकारांनीच घातलीय. सील ठोकल्याचा फोटो पहिल्या पानावर येतो. सील का ठोकलं, केस टिकली का, हे आतल्या पानावरही येत नाही. मीही त्यातलाच.

मावशींचं सांगायचं राहिलं. परवा टोळी गेली. खांद्याला फडकं बांधून त्या ट्रॉलीत बसल्या, कर्नाटकातल्या कारखान्यावर. पोरीनं अंदाजानं बेतलेले दोन हलके व्यायाम सांगितलेत आणि मोळी डाव्या हातानं सावरा म्हणाली. यापलीकडं तिला काही सांगता आलं नाही, आणि साडेचार वर्षं शिकून हे सांगावं लागलं म्हणून ती रडली. माझ्यासमोर नाही, तिच्या आईनं सांगितलं.

खासदार आणि आरोग्यमंत्री दोघांनाही पत्र देतोय. मसुदा तयार आहे. फिजिओचे विद्यार्थी, ऑर्थोपेडिकवाले आणि मुख्य म्हणजे जिल्ह्यातले रेडिओलॉजिस्ट, ज्यांना पटतंय त्यांनी सहीला यावं. ज्यांना पटत नाही त्यांनीही यावं, त्यांचं म्हणणं वेगळं छापतो. संध्याकाळी सहानंतर मी कार्यालयातच असतो.