तीन शून्यांचे आहारशास्त्र

वजन उतरविण्याचा ध्यास हे आजच्या मध्यमवर्गाचे खूळ, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वजनाच्या चोख हिशेबाला मात्र चारशे वर्षांची परंपरा आहे. इटलीतील पादुआचा वैद्य सांतोरिओ याने भल्यामोठ्या तराजूला खुर्ची टांगली, तीत बसून जेवणखाण चालविले आणि पोटात गेलेले व बाहेर पडलेले सारे तोलून पाहिले. सुमारे तीस वर्षांची ही खतावणी त्याने १६१४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

आजच्या वजनपीडितापाशी इतका धीर नाही. त्याला उपाय हवा, तोही पुढच्या लग्नसराईपूर्वी. शास्त्राने त्याला निराश केलेले नाही. पहिला उपाय चंद्रावर जाण्याचा. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतके. तेव्हा येथे ७२ किलो भरणारा गृहस्थ तेथे स्प्रिंगच्या काट्यावर १२ किलो भरेल. मात्र वाण्याचा दोन पारड्यांचा तराजू तेथे नेल्यास तो पुन्हा ७२च दाखवील. कारण दुसऱ्या पारड्यातील मापेही तितकीच हलकी झालेली असतील. महागाई भत्ता वाढूनही कारकून जेथल्या तेथे राहतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा उपाय स्वस्त आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी, हे शाळेत शिकविले जाते. शून्य अंशाचे २०० ग्रॅम पाणी प्यायल्यास शरीराला ते ३७ अंशांपर्यंत तापवावे लागते; म्हणजे पेल्यामागे ७,४०० कॅलरी खर्ची पडल्या. दोन बटाटेवड्यांच्या प्लेटीत ३०० कॅलरी धरल्या, तर एका पेल्याच्या जोरावर चोवीस प्लेटी रिचवूनही शिल्लक उरते!

गणितात चूक नाही. चूक एककात आहे. आहारतज्ज्ञांची कॅलरी ही वस्तुतः किलोकॅलरी, शाळेतल्या कॅलरीच्या हजारपट. ही तीन शून्ये जागेवर ठेवली की पेल्याची किंमत साडेसातही उरत नाही. मग एका प्लेटीच्या प्रायश्चित्तासाठी चाळीस पेले, म्हणजे आठ लिटर बर्फाचे पाणी प्यावे लागते. आणि तेवढे एका बैठकीत पिणे जिवावरच बेतेल.

येथवर विनोद झाला. पण वजन उतरविण्याचे पट्टे आणि चूर्णे विकणाऱ्या कित्येक जाहिरातींची रीत हीच असते: शब्द शास्त्राचा, आकडा भव्य आणि एकक गुलदस्त्यात. पट्टा बांधून घाम गाळला की काटा उतरतो खरा. परंतु उतरते ते पाणी, आणि दोन पेल्यांत ते परत येते. चरबीचा भाव चढा आहे. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी; तासभराच्या साध्या चालण्याने खर्च होतात जेमतेम अडीचशे. म्हणजे किलोमागे तीस तासांची पायपीट, तीही वाटेत वड्याची गाडी लागली नाही तर! वर्षानुवर्षे साठलेली ही ठेव पंधरवड्यात मोडता येत नाही. पंधरवड्यात हलका होतो तो खिसा.

आणि शेवटी एक आकडा राष्ट्राचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्क्यांचे वजन प्रमाणाहून अधिक होते, तर जवळजवळ १९ टक्क्यांचे प्रमाणाहून कमी. दोहोंची सरासरी काढली तर देश अगदी सुडौल दिसेल. काटा खोटे बोलत नाही. त्याच्यावर काय ठेवले आणि काय लपविले, हे मात्र विचारावे लागते. आकडा पोटाचा असो वा अर्थसंकल्पाचा, आधी त्याच्या शून्यांची चौकशी करावी, मग टाळ्या वाजवाव्यात.