गाडी बदलू नका, ऑइल बदला

'शोरूममधून आली तशी गाडी ट्रॅकवर न्यायची? वेड लागलंय का?' हा एक पक्ष. 'स्पोर्ट्स कारच आहे ना? मग तिला आणखी काय करायचं?' हा दुसरा. न्यू जर्सीत मिलव्हिलचा रेसट्रॅक एडिसनहून गाडीने दीडएक तासावर आहे, त्यामुळे आपल्या मराठी घरांतही फराळाच्या ताटाभोवती हा वाद आता रंगतो. दोन्ही पक्ष चुकतात, पण चुका सारख्या नाहीत. पहिल्या पक्षाचं ऐकलं तर खिसा रिकामा होतो. दुसऱ्याचं ऐकलं तर एखाद्या वळणाआधी पाय ब्रेकवर पडतो आणि पॅडल तळाला टेकतं.

वाद हवेत नको, म्हणून एक गाडी समोर ठेवू : माझदा एमएक्स-५, अमेरिकेतलं तिचं नाव मियाटा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. १.६ लिटरचं इंजिन, जेमतेम ११६ अश्वशक्ती, आणि वजन हजार किलोच्या आत. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. आजच्या दोन लिटरवाल्या मियाटात १८१ अश्वशक्ती आहे, तरी वजन हजाराच्या थोडंसंच वर. अमेरिकेतल्या क्लबांच्या ट्रॅक डेला ही गाडी दिसली नाही असं क्वचितच होतं.

क्लबचा ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे पहिला पक्ष सोयीने विसरतो. इथे कुणी पहिला येत नाही, करंडक मिळत नाही. अनुभवानुसार गट पाडलेले असतात. नवशिक्यांच्या गटात ओव्हरटेक करायचं ते ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच, आणि तेही पुढच्या चालकाने खिडकीबाहेर हात काढून 'जा' म्हटल्यावर. पोर्शे क्लब, बीएमडब्ल्यू क्लब नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसवतात. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेने २०१५ पासून चालवलेल्या 'ट्रॅक नाइट'मध्ये संध्याकाळी वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं मिळतात. ज्याला अजून कुठे ब्रेक लावायचा आणि कुठे वळायचं हेच शिकायचंय, त्याला शर्यतीची गाडी बांधायला सांगणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं.

तरी त्यांचा युक्तिवाद नीट ऐकू. ते म्हणतात, कारखान्याची गाडी वळणात झुकते, तिच्या स्प्रिंगा मऊ, टायर बेताचे, इंजिन दुबळं. म्हणून आधी कॉइलओव्हर, म्हणजे कडक स्प्रिंगा-शॉकचा संच, मग चिकट टायर, मग एक्झॉस्ट. 'काका, स्टॉक गाडी घेऊन गेलं तर लोक हसतील,' असं मला एका उमद्या पोराने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. हसणारे हसोत. गाडी झुकते हे खरं आहे, आणि नवशिक्यासाठी तेच मोलाचं आहे. वजन कोणत्या चाकावर गेलं, किती झपाट्याने गेलं, हे त्या झुकण्यातून पाठीला कळतं. कडक गाडीत हीच गोष्ट इतक्या झटपट घडते, की शिकाऊ माणसाला ती कळेपर्यंत गाडी उलट्या दिशेला तोंड करून गवतात उभी असते.

टायरचंही तसंच. साधा रस्त्यावरचा टायर पकड सोडण्याआधी किंचाळतो. त्याची मर्यादा कमी वेगाला येते आणि बऱ्यापैकी सांगून-सवरून येते. निम-शर्यतीचा चिकट टायर चालकाची चूक पोटात घालत राहतो. ज्या वेगाला त्याचाही नाइलाज होतो, त्या वेगाला काय करायचं हे नवशिक्याला कुणी शिकवलेलं नसतं. शिवाय वळणाच्या मधोमध घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढणं हा बहुतेक शिकाऊ चालकांचा पहिला दोष. वजन एकदम पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होऊन बाहेर पळतात. हे ओळखूनच कारखाना गाडीचं संतुलन असं ठेवतो, की मर्यादेला आधी पुढची चाकं घसरावीत. वाचनात आलेली एखादी 'सेटिंग' घालून ते संतुलन आपण उलटवलं, तर ज्याच्यासाठी ते केलं होतं त्याच माणसाचं संरक्षण काढून घेतो.

अश्वशक्तीबद्दल तर बोलायलाच नको. जोर वाढवला की सरळ पट्ट्याच्या टोकाला वेग वाढतो. त्या वेगाचा हिशेब ब्रेकला चुकवावा लागतो, आणि तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मग मोठे ब्रेक, मग ते झेपणारे टायर, मग त्यांचं वजन पेलणारं सस्पेन्शन. आपल्याकडे एक्सेलमध्ये सुट्या भागांची यादी करण्याचा छंद अनेकांना आहे, मीही त्यातलाच. पण कॉइलओव्हरच्या एका चांगल्या संचाच्या पैशात बहुधा हंगामभराचे ट्रॅक डे निघतात, आणि शिकायचं असतं ते त्या फेऱ्यांत.

आता दुसरा पक्ष. हा मला जास्त आवडतो, कारण तो खर्च सांगत नाही. आणि जास्त भीतीही त्याचीच वाटते, कारण त्याच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे. मियाटाचं इंजिन, गिअरबॉक्स, शीतकरण ही सगळी यंत्रणा चांगल्या स्थितीत असेल तर वीस मिनिटांच्या सत्राला पुरते. इंजिनचं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं हवं, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरकतं. बॅटरी घट्ट, पायाखालची मॅट बाहेर, डिकीतलं सामान बाहेर, चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळलेले. हे सगळं फुकटात होतं. ब्रेकचं तसं नाही.

आकडेच पाहू. गाडी आणि आतली दोन माणसं मिळून साधारण साडेबाराशे किलो. सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १६० किलोमीटर, तिथून वळणासाठी ८० वर यायचं. यात जी गतिज ऊर्जा काढून टाकावी लागते ती नऊ लाख जूलच्या वर जाते. एवढ्या उष्णतेत घागरीतलं अडीच लिटर पाणी उकळीला येईल. हे काम डिस्क आणि पॅडने तीनेक सेकंदांत उरकायचं, पुढच्या वळणाला थोडं कमी, आणि मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा त्याच जागी पूर्ण. घाटातून उतरतानाही शहाणा माणूस गिअरवर गाडी रोखतो, त्यामुळे रोजच्या वापरात ब्रेकला असली परीक्षा कधी द्यावीच लागत नाही. दहा वर्षं विनातक्रार चाललेले ब्रेक चौथ्या फेरीला हात टेकतात ते यामुळे.

खरा घोळ ऑइलमध्ये आहे. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावं असा नियम आहे; पाणी शोषल्यावर तीच अट १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ट्रॅकसाठी मिळणारी चांगली डॉट ४ ऑइलं ताजी असताना ३०० अंशांच्याही पुढे टिकतात. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. पॅड तापून निकामी झाले तर पॅडल निदान कडक लागतं, काहीतरी रोखल्यासारखं वाटतं. उकळलेल्या ऑइलमध्ये तेवढाही आधार नसतो. अनेक क्लबांच्या तपासणीच्या कागदावर 'ब्रेक ऑइल गेल्या सहा महिन्यांत बदललेलं हवं' अशी ओळ असते, ती उगाच नव्हे. ऑइल बदलून ब्रेकची हवा काढायला एक दुपार पुरते आणि खर्च एका बऱ्या जेवणाइतका येतो. एक सावधगिरी : डॉट ५ हे डॉट ४ च्या पुढची पायरी नाही. ते सिलिकॉनचं वेगळंच द्रव्य आहे, मियाटात घालू नये. पुढची पायरी हवी असेल तर ५.१ असं लिहिलेली बाटली घ्यावी.

पॅडबाबत मी मधला मार्ग सांगतो. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि डिस्क खातात. याच गाडीने संध्याकाळी घरी यायचंय. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे पॅड मिळतात, ते सांगितलेल्या पद्धतीने तापवून बसवून घ्यावेत. शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश काढावी, आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडणा लावावा.

तिसरा एक पक्ष आहे, त्याला उत्तर देणं सर्वांत निकडीचं, कारण तो सुरक्षिततेच्या नावाने बोलतो. हा म्हणतो, निदान हार्नेस तरी बसवा. चार पट्ट्यांचा हार्नेस, मूळचीच सीट, डोक्या-मानेला आधार नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत नॅस्कारचा चालक डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाचं हाड मोडून. धड पट्ट्यांनी जागच्या जागी धरलं आणि डोकं मोकळं राहिलं, की डोकं पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. त्याच वर्षी नॅस्कारने डोकं-मान रोखणारं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ पासून. कारखान्याचा तीन टोकांचा पट्टा आणि एअरबॅग ही जोडी आहे : पट्टा थोडा ताणतो, धड डोक्याबरोबर पुढे जातं आणि एअरबॅग झेलते. हार्नेसने ती जोडी तुटते. चार पट्ट्यांत मांड्यांमधला पट्टा नसल्यामुळे कमरेचा पट्टा वर सरकून पोटात रुततो. म्हणजे हार्नेस हवा तर सीट, रोल बार, मानेचं साधन हे सगळं एकदम हवं. ते जमणार नसेल तर मूळचा पट्टा घट्ट ओढून बसणं अधिक सुरक्षित.

मियाटापुरती एक सवलत मात्र मी देतो, कारण तिला पक्कं छत नाही. रोल बार नसलेली उघडी गाडी अनेक क्लब आतच घेत नाहीत. बारच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत काठी आडवी धरतात, चालकाचं हेल्मेट तिच्याखाली राहिलं पाहिजे. हा खर्च न्याय्य आहे. पण बाजारात जाताना डोक्यावर हेल्मेट नसतं आणि मागे लोखंडी नळी असते, म्हणून तिच्यावर टणक पॅडिंग हवंच. उशीचा मऊ स्पंज तिथे निरुपयोगी. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या 'एसए' दर्जाचं हेल्मेट घ्यावं. मोटरसायकलच्या हेल्मेटची आगीपासून बचावाची चाचणी झालेली नसते.

आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चालू ठेवावा. तो बंद करण्यात पुरुषार्थ मानणारे पॅडॉकमध्ये भेटतातच. डॅशबोर्डवर तो दिवा कोणत्या वळणात लुकलुकतो ते लक्षात ठेवलं, तर हात कुठे घाई करतात ते शेजारचा प्रशिक्षक बोलायच्या आधी कळतं.

'मग गाडीला कधीच हात लावायचा नाही का?' लावायचा, पण गाडीने मागितल्यावर. तिची मागणी टायरवर उमटते. सत्र संपल्यावर गरम टायरची हवा मोजावी. थंड असताना भरलेल्यापेक्षा ती चार-सहा पौंड किंवा जास्तही चढलेली असते, तेवढी उतरवावी. हवा बरोबर ठेवूनही पुढच्या टायरची बाहेरची कड झिजून गोल होऊ लागली, तर चाक आत झुकवायची वेळ आली. पहिल्या दोन पिढ्यांच्या मियाटात त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. चारही चाकांशी कारखान्याने विकेंद्री बोल्ट दिलेले आहेत, त्यांनी चाकाचा हा झुकाव, म्हणजे कॅम्बर, काही मर्यादेपर्यंत बदलता येतो. अलाइनमेंटवाल्याला 'पुढे शक्य तेवढा आत, मागे थोडा कमी, आणि डाव्या-उजव्यात फरक नको' एवढं सांगावं, आणि यंत्रातून निघालेला आकड्यांचा कागद मागून घ्यावा.